धीर धरा, पण नोंद ठेवा



मी वकील आहे, वैद्य नव्हे. तेव्हा औषधांची चिकित्सा मी करणार नाही. परंतु पुरावा हाती येण्यापूर्वी निकाल देऊ नये, हे माझ्या व्यवसायाचे पहिले तत्त्व होय. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत आपण तेच तत्त्व नित्य मोडीत असतो.

रक्तक्षयाचे उदाहरण घ्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. घरातील सून किंवा लेक त्या आणते, पंधरा दिवस घेते. मळमळ होते, शौचाचा रंग काळा होतो, थकवा मात्र तसाच राहतो. मग "काही गुण येत नाही" म्हणून पाकीट फडताळात जाऊन पडते. हा निकाल घाईचा होय. रक्तातील वाढ तपासणीत नीट दिसण्यास साधारणतः तीन-चार आठवडे लागतात. प्रमाण पूर्ववत झाल्यावरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी गोळ्या आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवाव्या लागतात.

मधुमेहाचेही तसेच आहे. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला चिकटलेली साखर मोजणारी एचबीए१सी ही चाचणी म्हणूनच मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. ज्याने आठवड्यापूर्वी चालावयास सुरुवात केली, त्याने आजच त्या चाचणीत आपल्या श्रमाचे पूर्ण फळ शोधू नये.

मिठाची गोष्ट तर जिभेवरचीच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी, खाण्यास सांगते. ते कमी करताच आमटी अळणी लागते. काही आठवड्यांनी जिभेस सवय होते आणि पूर्वीची आमटी खारट वाटू लागते. हा पालट कोणत्या दिवशी झाला, हे कोणासही सांगता येत नाही.

तथापि धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. एक वही करा. तारीख, हिमोग्लोबिन, रक्तदाब, चाललेली मिनिटे तीत लिहा. मनास जे जाणवत नाही, ते वही दाखवील. औषध आपल्या मताने बंद करू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका, कारण चहामुळे लोह अंगी कमी लागते. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतरही फरक नसेल, तर कारण विचारा. तो तुमचा हक्क आहे. छातीत दुखणे, धाप लागणे, अतिरक्तस्राव होणे, यांस मात्र वाट पाहण्याचा नियम लागू नाही. तत्क्षणी दवाखाना गाठा.

शेवटी घरातील पुरुषांस सांगणे आहे. सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणाऱ्या स्त्रीला एकटीने धीर धरावयास सांगणे हा न्याय नव्हे. तिला आपल्या पंक्तीस बसवा. "अजून बरे वाटत नाही का?" असे रोज विचारून तिचा उत्साह मारू नका. "आजची गोळी घेतलीस का?" एवढेच विचारा, आणि तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर जा.