गावी निघताना

अ‍ॅनोरेक्सिया किंवा बुलिमियासारख्या खाण्याच्या आजारातून सावरणाऱ्या माणसाला गणपतीला गावी जाणं सोपं नसतं. उपचारांत खाण्याच्या वेळा बांधलेल्या असतात. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा खाणं, म्हणजे साधारण ३ ते ४ तासांनी काहीतरी पोटात. गाडी रत्नागिरीच्या अलीकडे रखडली की ही घडी विस्कटते. भूक लांबली की उपाशी राहण्याची, नाहीतर एकदम भरमसाट खाण्याची जुनी ओढ उसळते. म्हणून दशम्या, केळी, शेंगदाण्याचे लाडू हाताशी ठेवा. लागतील त्यापेक्षा थोडे जास्तच.

खरी परीक्षा ओटीवर. "अगो, किती बारीक झालीस!" नाहीतर, "आता जरा भरलीस हो!" दोन्ही वाक्यं प्रेमाची, दोन्ही बोचणारी. असा विषय निघाला तर तो बदलायचा, हे घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवा. आणि हरतालिकेचा उपवास? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. देव रागावत नाही. आत्या रागावेल कदाचित.

मन फारच अस्वस्थ झालं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. गावात रेंज कुठे येते, ते मात्र पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.