कोर्ट नाक्यावरची दोन दारं
(तालुका शिबिरात झालेल्या बोलण्याचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाबाने विचारलं, "पोरांनो, आपली केस नक्की कुठल्या कोरटात हाय?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. बारावीपर्यंत शिकलो, पण हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मग आम्ही चौघं ठाण्याला गेलो. वकिलांना विचारलं, दिवसभर कोर्टात मागच्या बाकावर बसून बघितलं. समजलं ते आज सांगतो.

ठाण्याला कोर्ट नाका आहे. तिथे जिल्हा कोर्ट आहे आणि कलेक्टर कचेरीही आहे. आपली माणसं दोन्हीला कोरटच म्हणतात. फसतो ते इथेच. दारं दोन आहेत आणि दोन्हीकडची कामं वेगळी आहेत.

आधी कोर्टाचं दार. ही घडी इंग्रजांनी बसवली. 1774 साली त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पुढे त्याचा तुरुंग केला. तोच आजचा ठाणा जेल. 1862 ला मुंबईत हायकोर्ट सुरू झालं. 1869 ला दिवाणी कोर्टांचा कायदा आला. जिल्ह्याला एक जिल्हा न्यायाधीश आणि त्याच्या हाताखाली दिवाणी न्यायाधीश, ही उतरंड त्या कायद्याची. जव्हार-मोखाड्याकडे तेव्हा संस्थान होतं, ते 1948 ला ठाणे जिल्ह्यात आलं.

हे कोर्ट कागद ओळखायचं. खत सावकाराकडे, सातबारा सावकाराकडे. आपल्याकडे काय? नांगर आणि हात. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे आपले वारली गेले होते. परत येऊन त्यांनी वेठ बंद केली. ती वेठ कोर्टाने बंद केली नाही, माणसं एक झाली म्हणून बंद झाली. हे विसरू नका. पण म्हणून कोर्टाकडे पाठ फिरवायची असंही नाही.

आता उतरंड लक्षात ठेवा. तालुक्याला बसतो तो ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट. तो तीन वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतो. लाकडाची मोळी, प्लॉट साफ केला, असल्या फॉरेस्टच्या केसेस त्याच्यापुढे जातात. त्याच्या वर सेशन्स कोर्ट. खून, दरोडा तिथे चालतो. आदिवासीची जमीन जबरीने बळकावली, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची केसही तिथेच. त्याच्या वर हायकोर्ट, मग दिल्लीचं सुप्रीम कोर्ट. खालच्या कोर्टात हरलो म्हणजे संपलं नाही, वर अपील असतं. पण त्याला मुदत असते. निकालाची नक्कल लगेच मागा.

चॅप्टर केस मात्र या कोर्टात नसते. ती तहसीलदारापुढे चालते. तो कार्यकारी मॅजिस्ट्रेट, म्हणजे सरकारचाच अंमलदार.

आता दुसरं दार, कलेक्टरचं. 1957 च्या 1 एप्रिलपासून 1974 च्या 6 जुलैपर्यंत आदिवासीची जी जमीन बिगर आदिवासीकडे गेली, ती परत देण्याचा कायदा झालेला आहे. ते काम कलेक्टरचं. त्याच्या वतीने बहुतेक तहसीलदार चालवतो. त्यावर अपील महसूल न्यायाधिकरणाकडे. दिवाणी कोर्टाचा तिथे संबंध नाही. सावकार मोठा वकील घेऊन आला तरी परवानगीशिवाय त्या वकिलाला उभं राहण्याचा हक्क नाही. जमीनवाले या कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1984 ला तिथे कायदा टिकला. आणि फॉरेस्ट प्लॉटबद्दल 1995 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नुसता कागद नाही म्हणून दावा फेटाळू नका, दुसरा पुरावाही बघा. म्हणजे बांध, जुनी झाडं, म्हाताऱ्यांची साक्ष. जे कोर्ट कागदच ओळखायचं, त्याला आपल्या माणसांनी लढून हे ऐकायला लावलं.

आता आपली चूक. एका पाड्यावरचं कुटुंब दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं. मागे समन्स आलं, घराला कुडाची ताटी लावलेली. तारीख चुकली, वॉरंट निघालं. रात्री भट्टीवरून बापाला उचललं. दोन रात्री कोठडीत. गुन्हा काय, तर एक मोळी! मोळीसाठी नव्हे, तारखेसाठी तो आत गेला.

म्हणून संघटनेचं ठरलं आहे ते ऐका.

प्रत्येक पाड्याने एक वही करायची. केस नंबर, कुठलं दार, पुढची तारीख. लिहिता येणाऱ्या पोरीकडे वही द्यायची.

भट्टीवर किंवा डोंबिवलीकडे बांधकामावर जाताना मालकाचं नाव आणि ठिकाण वहीत सांगून जायचं. येणं जमत नसेल तर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज तारखेआधी द्यायचा.

गार्डाने "मिटवून टाकू" म्हटलं तर पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही.

पकडलं तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. मार बसला असेल तर तिथेच सांगा. घाबरून गप्प बसू नका.

वकिलाला पैसे नसतील तर आदिवासीला मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. हा आता कायदा आहे. अर्ज कोर्टातच द्यायचा.

येत्या तारखेला आपले अकरा जण उभे राहणार आहेत. ते एकटे जाणार नाहीत. पहिल्या एसटीने सगळे निघू, भाकर बांधून घ्या. आत अकरा, बाहेर आपण सगळे. पुकारा झाला की "हजर" असं मोठ्याने म्हणायचं.

जिंदाबाद!