खिडकीतून वॉर्डात: फार्मसीचे विद्यार्थी आणि आपले प्रश्न

(गिरगावात झालेल्या महिला गटांच्या आरोग्य बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)

आजच्या बैठकीत अ‍ॅनिमिया, टीबी, गर्भपात असे विषय आहेत. त्यात फार्मसी शिकणाऱ्या मुलामुलींचा विषय कशाला, असे काहीजणींना वाटले असेल. पण या सगळ्या विषयांत एक गोष्ट समान आहे. शेवटी बाईच्या हातात गोळ्यांची पट्टी पडते. डॉक्टर कसा आहे याची आपण चौकशी करतो. पट्टी देणारा काय शिकला आणि कुठे शिकला, हे मात्र आपण विचारत नाही.

हा प्रश्न गिरगावात विचारायला हवा. प्रिन्सेस स्ट्रीटचा घाऊक औषधबाजार इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इथल्या चाळींतली बाई डॉक्टरच्या आधी पुष्कळदा औषधाच्या दुकानातच जाते. तिथे फी पडत नाही, खाडा होत नाही. ‘पाळी पुढे ढकलायची गोळी द्या’, ‘पाळी चुकलीय, काही आहे का’ हे तिला चार गिऱ्हाइकांसमोर हळू आवाजात बोलावे लागते. आणि समोरचा माणूस काही न विचारता गोळी देतो.

याची किंमत बायकांनी मोजली आहे. जास्त मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिवस गेलेत का हे तपासण्यासाठी आणि ‘पाळी आणण्यासाठी’ आपल्याकडे सर्रास विकल्या जात होत्या. गर्भाला त्यांपासून धोका असल्याचे इशारे दिले गेले होते, तरी विक्री थांबली नाही. १९८२ साली सरकारने बंदीचा आदेश काढला, तेव्हा कंपन्या कोर्टात गेल्या. स्त्रियांच्या आणि आरोग्याच्या संघटनांनी मोहीम चालवली, सुनावण्यांत बाजू मांडली, आणि १९८८ साली बंदी आली. ती लढाई कंपन्यांशी होती. पण गोळी बाईच्या हातात पडायची ती दुकानातच, आणि तिथे तिला सावध करणारे कुणी नव्हते.

मग त्या फळीमागे उभे राहणारे शिकतात तरी काय? डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यातले निम्मे तास डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध देण्याचे. पण चिठ्ठी वाचता आली म्हणजे माणूस वाचता आला असे होत नाही. रुग्णालयातही फार्मासिस्टची जागा म्हणजे औषधाची खिडकी. तो साठा बघतो, नोंद ठेवतो, पुड्या बांधून देतो. खाटेवरच्या रुग्णाशी त्याची गाठ पडत नाही.

औषधाकडे जाणत्या नजरेने बघणारे कुणी नसले म्हणजे काय होते, हे याच शहराने पाहिले आहे. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार उघडा पाडला.

आता थोडा बदल होतो आहे. म्हैसूर आणि उटीच्या जेएसएस महाविद्यालयांत १९९०च्या दशकात ‘फार्मसी प्रॅक्टिस’चे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. २००८ साली फार्मसी कौन्सिलने ‘फार्म.डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणला. पाचव्या वर्षी हे विद्यार्थी वॉर्डात काम शिकतात आणि सहावे वर्ष पूर्ण रुग्णालयात घालवतात. त्यातले सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये, उरलेले सहा महिने दोन-दोन करून आणखी तीन विभागांत. डॉक्टरांबरोबर राउंड घेणे, रुग्ण आधीपासून काय काय घेतो ते विचारणे, एक औषध दुसऱ्याच्या आड येते का ते पाहणे, घरी जाताना औषध कसे घ्यायचे ते समजावणे, हे त्यांचे काम.

याने बाईच्या आयुष्यात काय फरक पडतो? दक्षिण मुंबईतल्या एका रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करताना भेटलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. पोळ्या करून घर चालवणारी, दोन मुलांची आई. टीबीचे औषध सुरू होते. मूल नको म्हणून दुकानातून माला-डी आणून घेत होती. तरी दिवस गेले. नवरा म्हणाला, गोळ्या चुकवल्या असशील. सासू तेच म्हणाली. बाह्यरुग्ण विभागातही तेच ऐकायला मिळाले. तिने संपलेल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. कशाला, असे मी विचारले. म्हणाली, “कुणीतरी बघेल म्हणून.”

बघितल्या त्या वॉर्डात शिकायला आलेल्या एका मुलीने. तिने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि विचारले, “ताई, या दोन्ही गोळ्या एकाच वेळी चालू होत्या का?” टीबीवरच्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरके शरीरात लवकर मोडतात आणि गोळीचा भरवसा राहत नाही. अशा बाईला तांबी, निरोध किंवा दुसरे योग्य साधन आधीच सुचवायला हवे. हे पुस्तकात आहे, पण दोन्ही औषधे देणाऱ्यांपैकी एकानेही तिला सांगितले नव्हते. टीबीचे औषध एका ठिकाणचे, माला-डी दुसऱ्या ठिकाणची, आणि दोन्ही पट्ट्या येऊन पडल्या तिच्या एकटीच्या पिशवीत.

पुढे काय करायचे ते तिने ठरवले. गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे गर्भपाताच्या कायद्याला मान्य असलेले कारण आहे, हेही तिला तेव्हाच कळले. पण आधी तिच्यावरचा आळ गेला. मैत्रिणींनो, औषध चुकते तेव्हा दोष बाईवर येतो. लोहाच्या गोळीने रक्त वाढले नाही तर ‘घेतच नसेल’. ती गोळी ती चहाबरोबर घेते का, थायरॉइडच्या गोळीबरोबर एकत्रच गिळते का, हे कुणी विचारत नाही. विचारणारे माणूस तयार करणे, हा वॉर्डातल्या शिक्षणाचा खरा हेतू असायला हवा.

आता आपल्या हरकती. पहिली, २००८च्या नियमांत मेडिसिन सक्तीचे आहे, पण स्त्रीरोग व प्रसूती हा विभाग बाकीच्या तिनांच्या निवडीत येतो. शस्त्रक्रिया, बालरोग, मानसोपचार, त्वचारोग, अस्थिरोग यांच्या रांगेत तोही एक. म्हणजे एकही बाळंतीण न पाहता, गर्भनिरोधकावर एकाही बाईशी न बोलता विद्यार्थी ‘डॉक्टर ऑफ फार्मसी’ होऊ शकतो. हा विभाग सक्तीचा झालाच पाहिजे.

दुसरी हरकत संमतीची. शिकवणाऱ्या रुग्णालयात मोफत खाटेवरच्या बाईभोवती आधीच विद्यार्थ्यांचा गराडा असतो. नाही म्हणता येते हे तिला कुणी सांगत नाही. त्यात आणखी एका पांढऱ्या कोटाची भर नको. आधी नाव सांगा, परवानगी घ्या, नवऱ्याला आणि सासूला बाहेर थांबवा, मग विचारा.

तिसरी गोष्ट शिकण्याच्या पद्धतीची. आम्ही समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी फील्डवर्कमध्ये घर विचारायला शिकलो. पाणी किती वाजता येते, पैसा कुणाच्या हातात असतो. पण पट्टीवरचे नाव आम्हाला वाचता येत नव्हते. यांना पट्टी वाचता येते, घर विचारता येत नाही. ‘जेवणानंतर दोनदा’ असे सांगताना ती दोनदा जेवते का, हे विचारायला त्यांना कोण शिकवणार? फार्मसीच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी एकाच वॉर्डात, एकाच बाईजवळ बसून शिकावे, असे मला वाटते.

आणि आपण काय करायचे? २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार औषधाची माहिती समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य आहे. ते दुकानात मागून घ्या. औषधाचा त्रास झाला तर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क फोन १८००-१८०-३०२४ असा आहे, आणि तक्रारीचा अर्ज मराठीतही आहे. आपल्या गटांनी तो वस्तीत वाटावा. जवळच्या फार्मसी महाविद्यालयांना पत्र लिहावे: तुमच्या विद्यार्थ्यांना आमच्या शिबिरात पाठवा, बाया आपापल्या गोळ्यांच्या पिशव्या घेऊन येतील.

अशा पिशव्या घरोघरी आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या पाचजणींची पिशवी उघडून, त्यांच्या परवानगीने, कोणत्या गोळ्या एकत्र चालू आहेत त्याची यादी करून आणावी. महाविद्यालयांशी बोलणे आपण त्या यादीपासूनच सुरू करू.