काळी माती, निळं टर्फ

आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर, कारंज्याहून आलेल्या माझ्या क्रीडाशिक्षक बंधुभगिनींनो,

मला अध्यक्ष म्हणून पाऊण तास दिलाय. आपला पी.टी.चा तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं रांगा लावण्यात जातात. तेव्हा मी लवकर आटोपतो.

२०१३ साली जर्मनीत, मोन्शेनग्लाडबाखला, आपल्या मुलींनी ज्युनिअर हॉकी विश्वचषकात इंग्लंडला शूटआउटमध्ये हरवून कांस्य आणलं. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेत पोचेफस्ट्रूमला पुन्हा इंग्लंड, पुन्हा शूटआउट. पण पदक त्यांनी नेलं. २०२३ साली जपानमध्ये काकामिगाहाराला कोरियावर २-१ अशी मात करून पहिलावहिला ज्युनिअर आशिया चषक आला, आणि पुढच्या वर्षी मस्कतला चीनशी झुंजून तो राखलाही. काकामिगाहाराच्या संघात वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ होत्या, पोचेफस्ट्रूमच्या संघात अक्षता ढेकळे. तिघीही सातारा जिल्ह्याच्या. त्यातल्या दोघी तर एकाच फलटण तालुक्यातल्या, आसू आणि वाखरीच्या.

कुणी म्हणेल, तिकडे उसाचा पैसा आहे. मला नाही पटत. पैशानं स्टिक येते, ती धरायला शिकवणारा येत नाही.

ज्युनिअर म्हणजे एकवीस वर्षांखालचा गट. आता उलटं मोजा. विसाव्या वर्षी विश्वचषक खेळायचा तर तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगी क्रीडा प्रबोधिनीसारख्या ठिकाणी पोचलेली हवी, म्हणजे दहाव्या-अकराव्या वर्षी तिच्या हातात स्टिक हवी. त्या वयात ती कुठल्या निवड समितीसमोर नसते. ती पाचवीच्या वर्गात, तुमच्यासमोर असते.

माझ्या हाताखाली एक पोट्टी होती. काळ्या मातीच्या मैदानावर तिचा बॉल कुणी काढून घेऊ शकत नसे. उन्हाळ्यात आपल्या मैदानाला भेगा पडतात, बॉल कुठून उसळेल नेम नसतो, म्हणून आपली मुलं स्टिक उभी धरून वाट पाहतात. ती तशीच शिकली, मीच शिकवलं. सोळाव्या वर्षी तिला पहिल्यांदा टर्फवर नेलं. पाणी मारलेलं निळं टर्फ. बॉल जमिनीला चिकटून सरसरत आला आणि ही वाट पाहत असतानाच निघून गेला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. तिथे कमरेत वाकून, स्टिक जवळजवळ आडवी टाकून अडवावं लागतं. बाजूच्या संघातल्या मुली ते बाराव्या वर्षापासून करत होत्या. परतीच्या एसटीत ती एवढंच म्हणाली, ‘सर, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी स्वतः टर्फवर तिच्यासोबतच पहिल्यांदा उभा होतो.

पुढे तिचं दहावीचं वर्ष आलं. ज्या शाळेत मी होतो तिथे पी.टी.चा तास गणिताला गेला आणि मी तो जाऊ दिला. भांडलो नाही. गणितवाले सर मित्र होते, हेही खरं.

गंमत बघा, हे सगळं वर्ध्यात घडतं. १९३७ च्या ऑक्टोबरात याच गावात शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला आणि पुढे डॉ. झाकीर हुसेन समितीनं त्याची योजना आखली. त्याच नई तालीमचं नाव आपण भाषणात घेतो आणि हातापायांचा एकमेव तास सगळ्यात आधी सोडून देतो!

शासनाकडे टर्फ मागायचं ते मागूच, आपल्या ठरावात ते आहेच. पण टर्फ येईपर्यंत पोरींची वयं थांबत नाहीत. सिमेंटचं कोर्ट किंवा फरशीचा सभामंडप बहुतेक गावांत सापडतो. तिथे बॉल सपाट धावतो, वाकून अडवणं तिथे शिकवता येतं. हा उपाय मला ती पोरगी लग्न होऊन गेल्यावर सुचला.

उद्या सकाळी सहाला इथल्याच मागच्या कोर्टवर प्रात्यक्षिक ठेवलंय. ज्या शिक्षकांनी आयुष्यात हॉकी खेळली नाही त्यांनी पुढच्या रांगेत उभं राहावं. बारा स्टिका आहेत, पाळीपाळीनं घेऊ.