कोंडवाड्यातील मुके जीव आणि आपली जीवदया
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या मंगल प्रसंगी जीवदयेवर बोलावे, अशी विश्वस्तांची सूचना होती. कुलभूषण-देशभूषण मुनींचे निर्वाणक्षेत्र कुंथलगिरी ज्यांच्या जिल्ह्यात आहे, जेथे १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला, तेथील श्रावकांना अहिंसेची व्याख्या मी काय सांगावी? म्हणून जरा उपेक्षित, किंबहुना नाकाला पदर लावावा असा विषय घेतो. तो म्हणजे कोंडवाडा.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील पहिला आणि शेवटचा एकाच जिवाच्या वाट्याला एकाच ठिकाणी येतात, ती जागा म्हणजे दुर्लक्षित कोंडवाडा. तेथे कोणी शस्त्र उगारीत नाही. दार लावले जाते आणि नंतर कोणी फिरकत नाही, एवढेच.

असे घडू शकते, याची जाणीव कायदा करणाऱ्यांनाही होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला (आपला मुलुख तेव्हा निजामाच्या राज्यात होता). कोंडलेल्या जनावराला चारा-पाणी देणे हे कोंडवाडा सांभाळणाऱ्याचे कर्तव्य, असे त्यात स्पष्ट लिहिले. सात दिवसांत धनी आला नाही तर पोलीस ठाण्यास कळवावे, गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटावी, आणखी सात दिवस वाट पाहून जाहीर लिलाव करावा. कोंडवाडा सांभाळणाऱ्याने लिलावात जनावर स्वतः घेऊ नये, अशीही सक्त मनाई होती. पुरेसे चारा-पाणी न दिल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पुढे स्वतंत्र भारताने १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, तेव्हाही पहिल्या गुन्ह्यास पन्नास रुपयांपर्यंत एवढाच दंड ठेवला. आज पन्नास रुपयांत कडब्याच्या चार पेंढ्या मिळणे कठीण!

आता गावचा कोंडवाडा ग्रामपंचायतीकडे आणि शहरातला नगरपरिषदेकडे असतो. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते. हौद फुटका असेल, तर ते कोणी आणायचे? चाऱ्याचे बिल मंजूर होईल तेव्हा होईल, आजची वैरण कोणाच्या खिशातून? सुटीच्या आदल्या सायंकाळी कोंडलेले जनावर कार्यालय उघडेपर्यंत कोणाच्या भरवशावर असते? शिपाई दुष्ट असतो असे मी मानत नाही; पण ज्या कामाची विचारणा कोणीच करीत नाही, ते काम आपोआप मागे पडते. आजारी आणि निरोगी जनावरे एकाच आवारात ठेवण्याचा धोका तर २०२२ साली लम्पीच्या साथीने सर्वांना दाखवून दिला.

पूर्वी धनी धावत येई, कारण बैलावाचून औत अडे. आज ट्रॅक्टर आहे. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीसही बंदी आली. तिचे आपण स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु भाकड गाय किंवा संकरित गोऱ्हा सोडविण्याचा दंड त्याच्या उपयोगाहून जड होऊ लागला, की धनी येतच नाही. राज्य मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी गोशाळांतील देशी गायींसाठी दर दिवशी गायीमागे पन्नास रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. कोंडवाड्यातला संकरित गोऱ्हा त्या हिशोबात बसत नाही.

हा भार पुढे वाढणार आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरील मोकाट गुरे हटवून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, तसेच शाळा, रुग्णालये, बसस्थानके येथील भटकी कुत्री पकडून पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश दिला. अपघात आणि श्वानदंश यांची झळ पाहता त्या चिंतेला आधार आहे. मात्र निवारा म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. आपले तेरखेडा महामार्गालगत आहे आणि फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. कुलूप लावले म्हणून गोदामाची जबाबदारी संपत नाही, उलट तेथूनच ती सुरू होते, हे येथे कोणास समजावून सांगावे लागू नये.

मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. दंगलीचा आवेश काही दिवसांत ओसरतोच. पांजरपोळ टिकले ते रोजच्या वैरणीची तजवीज झाल्यामुळे.

आपल्याकडे पर्वकाळात जीव सोडविण्यासाठी देणगी लगेच जमते. सोडविलेला जीव दुसऱ्या महिन्यात काय खातो, हे विचारणारे मात्र थोडे. नवी गोशाळा बांधण्याआधी आहे तो कोंडवाडा पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायतीच्या संमतीने आठवड्यातून दोनदा दोघांनी जावे, जनावरांची संख्या, पाणी, चारा आणि आजारी जीव यांची वहीत नोंद करावी, गरज पडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. लिलावाच्या दिवशी तर अवश्य हजर राहावे; जनावर कोणाच्या हाती जाते, ते तेथेच कळते. यात संगमरवरी फलकावर नाव कोरण्याजोगे काही नाही.

ग्रामपंचायतीस द्यावयाच्या विनंतीअर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. सुटीच्या दिवसांची पाण्याची पाळी ज्यांना घेता येईल, त्यांनी भोजनास जाण्यापूर्वी त्यावर स्वाक्षरी करावी. जय जिनेंद्र.