रेषाच का, पट्टा का नाही?
(हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मला एका जुन्या ऋणाची आठवण झाली. मी मराठीची शिक्षिका. अध्यापनाच्या आरंभीच्या काळात, विज्ञानाच्या बाई रजेवर असताना, त्यांचा एक तास माझ्याकडे आला. हायड्रोजनच्या वर्णपटातील चार रंगीत रेषा मी फळ्यावर काढल्या. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “बाई, इंद्रधनुष्यात रंग एकमेकांत मिसळलेले असतात, मग इथे रेषाच का? पट्टा का नाही?” “पुस्तकात आहे तेवढे उतरवून घ्या,” असे मी म्हणाले. त्यानंतर तिने मला कधीच प्रश्न विचारला नाही. तिचे उत्तर आज देते.

उतारावर कुठेही थांबता येते; जिन्यावर मात्र पायरीवरच उभे राहावे लागते. अणूतील इलेक्ट्रॉनला असा जिनाच मिळालेला असतो. त्याच्या पायऱ्या, म्हणजे ऊर्जापातळ्या, ठरलेल्या असतात. उष्णतेने अथवा विजेने वर चढलेला इलेक्ट्रॉन खाली उतरतो, तेव्हा दोन पातळ्यांतील फरकाएवढीच ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. आणि त्या ऊर्जेवरच प्रकाशाचा रंग ठरतो. हायड्रोजनमध्ये तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरताना १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते आणि ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा दिसते. चौथीवरून दुसरीवर येताना २.५५ सुटते, तेव्हा ४८६.१ नॅनोमीटरची निळसर-हिरवी. मधली पायरी नाही, म्हणून मधला रंगही नाही.

या चार रेषांचे गणित प्रथम कोणी जुळवले? बाझल शहरात मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या योहान बाल्मर या शिक्षकाने, १८८५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी! सूत्र मिळाले, पण त्यामागचे कारण १९१३ मध्ये नील्स बोर यांनी सांगितले. साठीतील आपल्या शाळेने हे ध्यानी ठेवावे.

प्रत्येक मूलद्रव्याचा जिना निराळा, म्हणून त्याच्या रेषाही निराळ्या. जणू त्याचे हस्ताक्षरच. आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. ती मिठातील सोडियमची सही. सोडियमच्या त्या दोन जुळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालेत तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच दिवशी गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन निरीक्षण करीत होते. यांतील मधली रेषा सोडियमचीच वाटावी इतकी त्याच्या रेषांजवळ होती. काळजीपूर्वक मोजल्यावर ती ५८७.६ च्या आसपास भरली. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. पण ‘जवळजवळ तेच’ म्हणून तो पुसला गेला नाही, म्हणून हेलियम सापडले. पृथ्वीवर ते रॅम्से यांना मिळाले १८९५ साली, तब्बल सत्तावीस वर्षांनी. आपल्या कोरमंगला येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञ आजही ताऱ्यांची हीच हस्ताक्षरे वाचत आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांचे प्रश्नही पुष्कळदा पुस्तकाच्या रेषेशी तंतोतंत जुळत नाहीत. त्या दिवशी मी तो फरक पुसून टाकला. माझ्या वर्गात आता फळ्याचा एक कोपरा राखून ठेवलेला असतो. ज्याचे उत्तर मला येत नाही तो प्रश्न तिथे लिहिला जातो आणि उत्तर मिळेपर्यंत पुसला जात नाही. प्रत्येक वर्गात असा एक कोपरा असावा, एवढीच या शुभप्रसंगी विनंती.