तो फरार नव्हता



अमेरिकेत बऱ्याच राज्यांत जामिनावरून पळालेल्याला पकडून आणणाऱ्याला पैसे मिळतात. आपल्याकडे ते काम पोलिसाचं. धाराशिव जिल्ह्यात मी ते 22 वर्षं केलं. वॉरंटमागे बक्षीस नाही, पगार तेवढा.

सिनेमातला पाठलाग क्वचितच. वॉरंट घ्यायचं, पहाटे गाव गाठायचं, पोलीस पाटलांना विचारायचं. भूम, वाशी, कळंबकडे हिवाळ्यात उत्तर बहुधा एकच : "ऊसतोडीला गेलाय." कागदावर फरार, प्रत्यक्षात सांगली-कोल्हापूरच्या फडात. तारखेला यावं तर मुकादमाची उचल फिटत नाही.

एकदा वॉरंटवर आपल्याच वर्गातलं नाव निघालं. जुनी मारामारीची केस. तिकडच्या ठाण्यात नोंद करून जोडीदारासह फडात गेलो. तो म्हणाला, "तू आलास होय!" मोळ्या बांधून होईपर्यंत थांबलो, मग एसटीनं आलो. दुसऱ्या दिवशी कोर्टानं दंड घेऊन वॉरंट रद्द केलं. तो लगेच फडावर परतला.

त्याला विचारूनच हे सांगतोय. सकाळी सरांनी हजेरी घेतली, तेव्हा मागच्या बाकावरून सगळ्यात मोठ्यानं "हजर" तोच ओरडला.